दीप, नेत्र आणि द्रष्टा

कार्तिक शुद्ध चतुर्दशीची वैकुंठ चतुर्दशी आणि तिच्या पाठोपाठ येणारी त्रिपुरी पौर्णिमा, हे दोन दिवस म्हणजे आश्विनात आरंभ झालेल्या दीपोत्सवाचा कळस होय. चतुर्दशीच्या मध्यरात्री हरीस बेल आणि हरास तुळस वाहिली जाते. पौर्णिमेच्या सायंकाळी देवालयापुढील दीपमाळ पायथ्यापासून शिखरापर्यंत उजळते, सुवासिनी त्रिपुरवाती लावतात आणि द्रोणांतून सोडलेले दिवे नदीच्या पात्रात संथपणे पुढे जाऊ लागतात. घाटाच्या पायऱ्यांवर उभा असलेला भाविक हात जोडतो आणि म्हणतो, "डोळ्यांचे पारणे फिटले!"

वाचकहो, या उद्गाराशी आज क्षणभर थांबावयाचे आहे. दीप तेथे, दीपमाळेवर. डोळा येथे, आपल्या मस्तकात. मधे पन्नास हातांचे अंतर. मग डोळ्यास दीप दिसतो तो कसा? डोळा दीपापर्यंत जातो, की दीप डोळ्यापर्यंत येतो? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु आपल्या देशातील नैयायिक, बौद्ध आणि जैन आचार्यांनी या एका प्रश्नावर शतकानुशतके वाद केला आहे. आम्ही आयुष्यभर हा वाद पोथीत वाचला आणि शिष्यांस शिकविला. तो एके दिवशी पोथीतून उठून आमच्याच ओसरीवर येऊन बसेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वैकुंठ चतुर्दशीस देवळात आमचे कीर्तन झाले. उत्तररंगास नेहमीचेच आख्यान होते. श्रीविष्णू सहस्र कमळांनी शिवाचे पूजन करावयास बसतात. एक कमळ उणे पडते. पूजा अपुरी राहू नये म्हणून ते आपला कमलनेत्रच काढून अर्पण करतात आणि प्रसन्न झालेले शिव त्यांस सुदर्शन चक्र देतात. शिवमहिम्न स्तोत्रातही या प्रसंगाचा निर्देश आहे. चाळीस वर्षे आम्ही हे आख्यान लावीत आलो. झांजेचा ठेका थांबवून 'आणि देवाने आपला डोळा काढला' असे म्हटले की सभामंडप निःशब्द होतो आणि आयाबाया पदर डोळ्यांस लावतात, हा आमचा नित्याचा अनुभव.

त्याच मार्गशीर्षात आमच्या थोरल्या बंधूंचे पहाटे निधन झाले. त्यांचा मुलगा पुण्यास महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवितो. आदल्याच रात्री तो घरी पोहोचला होता. अंगणात तो आमच्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काका, बाबांचे डोळे द्यावेत असे माझ्या मनात आहे. नेत्रपेढीला आत्ताच कळवावे लागेल. तुमची संमती असली तर फोन करतो."

आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तरलो, "अरे, चक्षू हे तैजस इंद्रिय. त्यातले तेज काढून दुसऱ्याला दिले, तर दादांनी पुढच्या जन्मी अंध होऊन यायचे काय? शास्त्राला हे मान्य नाही."

तो काही बोलला नाही. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडावयाचा नाही, हे वळण त्यास दादांनीच लाविलेले. नेत्र घेण्याची वेळ साधारण सहा तासांची असते. ती आमच्या एका वाक्याने निघून गेली.

पुढच्या चातुर्मासात एका विद्यार्थ्यास आम्ही वात्स्यायनांचे न्यायभाष्य सांगत होतो. तिसऱ्या अध्यायात इंद्रियांची परीक्षा आहे. तेथे चक्षूच्या विचारास जेथून आरंभ होतो, तो शब्द 'कृष्णसार' असा आहे. कृष्णसार म्हणजे डोळ्यातील काळे बुबुळ. शंका अशी घेतली आहे की, बुबुळ शाबूत असले तर दिसते हे खरे. पण बुबुळापासून दूर असलेली वस्तूही दिसते. मग हे बुबुळ म्हणजेच चक्षुरिंद्रिय, की चक्षुरिंद्रिय त्याहून निराळे? सिद्धांत आहे निराळे असल्याचा. बुबुळ हे केवळ अधिष्ठान, म्हणजे इंद्रियाचे बसावयाचे आसन. पूर्वी कित्येकदा सांगितलेल्या त्या ओळीपाशी आमची वाचा अडली. अंगणात पुतण्यास आम्ही शास्त्र म्हणून जे सांगितले, ते शास्त्र नव्हतेच. आम्ही पोथी मिटली आणि विद्यार्थ्यास दुसऱ्या दिवशी येण्यास सांगितले.

त्या दिवाळीत पुतण्या आला तेव्हा त्यास आम्ही म्हणालो, "तुझे शास्त्र आणि आमचे शास्त्र एकदा समोरासमोर बसू देत." दोन संध्याकाळ आम्ही ओसरीवर बोलत होतो. त्या संवादाचे सार येथे देत आहो.

प्रथम आमचा पक्ष मांडला. नैयायिकांच्या मते डोळा हा 'प्राप्यकारी', म्हणजे विषयापर्यंत पोहोचूनच ज्ञान करून देणारा. जीभ पदार्थास लागल्यावाचून रस कळत नाही, त्वचा टेकल्यावाचून ऊन-थंड कळत नाही. मग डोळ्यासच न भेटता कसे कळावे? न भेटताच दिसत असते, तर भिंतीपलीकडचेही दिसावयास हवे होते. म्हणून डोळ्यातून तेजाचा सूक्ष्म किरण निघतो, वस्तूस जाऊन भिडतो आणि मग ज्ञान होते, असे त्यांनी मानले. ज्योत लहान असूनही तिचे तेज पसरून सारी खोली व्यापते, तसा इवल्या डोळ्याचा किरण वडाचे बीही दाखवितो आणि पर्वतही दाखवितो.

यावर आक्षेप घेणारे काही कमी नव्हते. बौद्धांच्या अभिधर्मकोशात वसुबंधूंनी डोळा, कान व मन ही विषयास न भेटताच ग्रहण करतात असे म्हटले. दिङ्नागांनी विचारले, डोळा जर वस्तूस भिडत असेल तर वस्तू 'दूर' म्हणून का भासते? आणि डोळ्याहून मोठी वस्तू त्यास कशी गवसते? जैनांच्या तत्त्वार्थसूत्राने डोळा व मन यांस इतर इंद्रियांपासून वेगळे काढले. त्यावरील सर्वार्थसिद्धी या टीकेत पूज्यपादांनी दिलेला दाखला तर कोणत्याही गृहिणीस पटावा असा आहे. स्पर्श झाला की दिसते असे असेल, तर डोळ्यात घातलेले काजळ डोळ्यास सर्वांत आधी दिसावयास हवे. ते तर मुळीच दिसत नाही!

नैयायिकांस आणखी विचारण्यात आले की, काच, अभ्रक व स्फटिक यांच्या आडची वस्तू कशी दिसते? त्यांनी उत्तर दिले, सूर्याचा किरण स्फटिकातून पार होतो, तसाच हाही होतो. डोळ्यात तेज आहे तर अंधारात का दिसत नाही? उत्तर, बाह्य प्रकाशाचे साह्य लागते. किरण आहे तर तो स्वतः का दिसत नाही? उत्तर, अनुमानाने सिद्ध झालेली वस्तू केवळ दिसत नाही एवढ्यावरून नाही म्हणता येत नाही; चंद्राची पलीकडची बाजू तरी कोणी पाहिली आहे? आणि शेवटी हुकमाचे पान टाकावे तसा दृष्टांत दिला तो निशाचरांचा. रात्री मांजराच्या डोळ्यांत तेज चमकताना सर्वांस दिसते. मग माणसाच्या डोळ्यातही ते असलेच पाहिजे, एवढेच की ते सूक्ष्म आहे.

एवढे ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, एकेक मुद्दा पाहू या. मांजरापासून आरंभ करू." आमच्या घरच्या मांजरास घेऊन आम्ही माजघरात गेलो, दारे-खिडक्या लावून, फटींत कापड कोंबून पूर्ण काळोख केला. बराच वेळ बसलो. मांजर पायांशी घोटाळत होते, गुरगुरत होते. परंतु डोळे म्हणून कोठे चमकेनात. मग त्याने विजेरी आमच्या हाती दिली, ती कपाळाशी धरावयास सांगितली आणि बटण दाबताच दोन हिरवे निखारे समोर पेटले. मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूस आरशासारखा एक थर असतो. बाहेरून आत गेलेला प्रकाश तो परतवितो. तेज मांजराचे नव्हते, आमच्या विजेरीचे होते. दीड सहस्र वर्षांहून जुना दृष्टांत घरच्या माजघरात पाच मिनिटांत निकालात निघाला. मनास थोडे लागले, हे कबूल करावयास हवे.

मग त्याने पश्चिमेकडची कथा सांगितली. तेथेही हाच वाद होता. ग्रीक गणिती युक्लिड आणि पुढे टॉलेमी हे किरण डोळ्यातून निघतो असेच मानीत. अकराव्या शतकाच्या प्रारंभी बसऱ्यास जन्मलेले आणि कैरोस राहिलेले इब्न अल्-हैथम यांनी प्रकाशावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी विचारले, सूर्याकडे पाहिले असता डोळ्यास वेदना का होतात? तेजस्वी वस्तूकडे टक लावून मग डोळे मिटले तरी तिची आकृती का तरळत राहते? म्हणजे बाहेरून काही तरी आत येऊन डोळ्यावर परिणाम करीत असले पाहिजे. त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, १६०४ साली, केप्लर यांनी दाखवून दिले की प्रकाश डोळ्यात शिरून मागच्या पडद्यावर वस्तूचे उलटे चित्र उमटवितो. दीपमाळेवरील ज्योत प्रकाश टाकते. तो बुबुळावरील काचेसारख्या पारदर्शक पटलातून वळतो, बाहुलीतून आत जातो, भिंगातून आणखी वळतो आणि पडद्यावर पडतो. तेथून मज्जातंतू मेंदूस वार्ता देतात. काजळ का दिसत नाही तेही आता स्पष्ट होते. इतक्या जवळच्या वस्तूचे रेखीव चित्र डोळ्याच्या भिंगास पडद्यावर उमटविता येत नाही.

आम्ही विचारले, "म्हणजे आमचे नैयायिक साफ हरले म्हणावयाचे?"

तो हसून म्हणाला, "दिशेच्या बाबतीत हरले, काका. पण सगळ्याच बाबतीत नाही. शाखाचंद्राची गोष्ट आठवा."

ही गोष्ट अशी. प्रतिपक्षाने आक्षेप घेतला होता की, झाडाची फांदी आणि तिच्या मागचा चंद्र डोळे उघडताच एकदम दिसतात. किरणास जर प्रवास करावा लागत असेल, तर जवळची फांदी आधी आणि दूरचा चंद्र मागाहून दिसावयास हवा. न्यायवार्तिककार उद्योतकरांनी उत्तर दिले की, ते एकदम दिसतात हा भास आहे. कमळाच्या शंभर पाकळ्यांची चळत सुईने भेदली तर सर्व एकाच क्षणी भेदल्यासारख्या वाटतात. परंतु प्रत्येक पाकळीस आपापला क्षण असतो. प्रकाशाच्या प्रवासास वेळ लागतो हे पश्चिमेस रोमर यांनी गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून १६७६ साली दाखविले. आज आपणांस ठाऊक आहे की चंद्रावरून प्रकाश येण्यास सुमारे सव्वा सेकंद आणि सूर्यावरून येण्यास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. फांदी आणि चंद्र खरोखरच एका क्षणीचे नव्हेत. उद्योतकरांचा किरण उलट्या दिशेने धावत होता. परंतु धावणाऱ्यास वेळ लागतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

तोच प्रकार चंद्राच्या पलीकडच्या बाजूचा. १९५९ साली सोव्हिएत यान ल्यूना-३ ने तिची छायाचित्रे घेतली. न दिसणारी वस्तू असू शकते, हे भाष्यकारांचे म्हणणे खरे ठरले. फक्त डोळ्याचा किरण हे त्याचे उदाहरण ठरले नाही.

त्या रात्री अमावास्या होती. पुतण्याने आम्हास गच्चीवर नेले आणि माथ्याजवळ देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका दाखविला. आमच्या वृद्ध डोळ्यांस तो दिसण्यास बराच वेळ लागला. तो म्हणाला, "या प्रकाशास निघून सुमारे पंचवीस लाख वर्षे झाली. आपला किरण तेथे जाऊन भिडावयाचा असता, तर तितकी वर्षे येथेच उभे राहावे लागले असते." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि उत्तर नसल्याचा आनंदच अधिक झाला. एवढ्या दुरून निघालेले तेज आपण होऊन आमच्या दाराशी आले होते. आम्हास फक्त डोळे उघडावयाचे होते.

मग निर्णय काय? आम्हास तो असा दिसतो. भेटीवाचून दर्शन नाही, हे नैयायिकांचे म्हणणे टिकले. प्रकाश खरोखरच वस्तूकडून येऊन डोळ्यास भेटतो. डोळा स्वतः बाहेर जात नाही, हे बौद्ध-जैनांचे म्हणणेही टिकले. डोळ्यातून किरण निघतो हे मात्र टिकले नाही. ते टिकविण्यासाठी ओढाताण करू नये. आपल्या पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते असे सांगणे हा त्यांचा गौरव नव्हे. प्रतिपक्षाचा आक्षेप आधी प्रामाणिकपणे मांडावा आणि मगच सिद्धांत सांगावा, ही रीत त्यांनी घालून दिली. त्या रीतीने चालताना एखादा सिद्धांत सोडावा लागला, तर तो त्यांच्याच शिकवणीचा मान होय.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आम्ही त्या पहाटे दादांच्या डोळ्यांविषयी जे बोललो, त्याचे काय?

आजच्या विज्ञानाप्रमाणे डोळ्यात साठविलेले तेज असे काही नाही. नेत्रदानात उपयोगास येते ते मुख्यतः बुबुळावरील पारदर्शक पटल. डॉक्टर त्यास कॉर्निया म्हणतात. ती एक खिडकी आहे. आजाराने अथवा इजेने ती पांढरी पडली की आतला डोळा चांगला असूनही माणूस अंधारात राहतो; तेथे दुसऱ्याची स्वच्छ खिडकी बसवितात. असे पटल बसविण्याची शस्त्रक्रिया पहिल्याने यशस्वी झाली ती डिसेंबर १९०५ मध्ये, मोराव्हियातील ओलोमोउत्स या गावी, एडुआर्ट झिर्म या डॉक्टरांच्या हातून.

आणि जुन्या शास्त्राप्रमाणे पाहिले तरी निर्णय तोच. न्यायमताने बुबुळ म्हणजे इंद्रिय नव्हेच, ते आसन. पुढील देहाची घडण पूर्वकर्माच्या फलानुसार होते, असे न्यायसूत्रांचेच सांगणे आहे. मग डोळे दिल्याचे फळ अंधत्व कसे असेल? सांख्य म्हणतात, इंद्रिये सूक्ष्म शरीरात असतात आणि जीवाबरोबर जातात. गीतेच्या पंधराव्या अध्यायातही वारा गंध घेऊन जातो, तसा देह सोडणारा जीव इंद्रिये घेऊन जातो, असा दृष्टांत आहे. गंध गेला, मागे फूल राहिले. ते फूल अग्नीस द्यावे की एखाद्या आंधळ्या मुलीच्या ओंजळीत घालावे, एवढाच प्रश्न उरतो. ज्या वादात नैयायिक आणि त्यांचे प्रतिपक्षी शतकानुशतके भांडले, त्यात न्यायमत स्वीकारले तर पाहणारा तो बुबुळाहून निराळाच ठरतो. केनोपनिषद त्यास डोळ्याचाही डोळा म्हणते. तो कोणी शस्त्राने काढू शकत नाही आणि कोणी दान करू शकत नाही.

हे सर्व आम्हास ठाऊक होते. चाळीस वर्षे देवाच्या नेत्रकमळाचे आख्यान आम्ही लोकांस सांगितले. आणि आमच्याच दारी एक कमळ उणे आहे असे सांगत कोणी आले, तेव्हा आम्ही दार लावून घेतले. दादांचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झालेले होते, तरीही ते नेत्र चालले असते. एका व्यक्तीच्या दोन डोळ्यांनी बहुधा दोघांस दृष्टी मिळते. कोठे तरी दोन माणसे या त्रिपुरीस दीपमाळ पाहू शकली असती. ती कोण, हे आम्हास कधीच कळणार नाही.

म्हणून भाविक कुटुंबांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. घरात निधन झाल्यास नेत्रपेढीस विनाविलंब कळवावे. शक्यतो सहा तासांच्या आत नेत्र घेतले जावे लागतात. तोवर मृताच्या पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. चष्मा असला, वय झालेले असले तरी चालते. काही संसर्गजन्य रोग असल्यास चालत नाही, ते डॉक्टर पाहतात. हे काम थोड्या वेळात होते, चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीस अडथळा येत नाही. जिवंतपणी प्रतिज्ञापत्र भरलेले असले तरी शेवटी कळवावयाचे ते घरच्यांनीच. म्हणून आपली इच्छा घरात बोलून ठेवावी. आणि घरातील लहानाने असा प्रश्न विचारला, तर आमच्यासारखे घाईने उत्तर देऊ नये.

आम्ही व आमच्या कुटुंबाने प्रतिज्ञापत्रे भरून देवघरातील पंचांगाखाली ठेविली आहेत. पुतण्यास सांगितले, "आमच्या वेळी कोणास विचारीत बसू नकोस. थेट फोन कर."

तो म्हणाला, "काका, बाबांच्या वेळचे मनात ठेवू नका. तुम्ही मागाहून पोथी उघडलीत, बाबांना तेवढ्यानेही बरे वाटले असते." त्याच्या या बोलण्याने समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते ऐकून त्या संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना हात कापला नाही.

यंदाच्या वैकुंठ चतुर्दशीस देवळात पुन्हा तेच आख्यान लावणार आहो. सहस्र कमळे मोजून होतील, एक उणे निघेल, झांज थांबेल. त्यानंतर आजवर आम्ही जे कधी सांगितले नाही, ते दादांच्या पहाटेचे आख्यानही सांगू. दुसऱ्या सायंकाळी दीपमाळ उजळेल. तिचा प्रकाश नित्याप्रमाणे निघेल आणि ज्याच्या डोळ्याची खिडकी स्वच्छ आहे, त्याच्या आत जाईल. ज्यांच्या खिडक्या बंद आहेत, त्यांच्यासाठी त्या उघडण्याचे साधन प्रत्येक घरातून एके दिवशी अग्नीकडे जातच असते. ते देवाच्या पूजेतील उणे कमळ समजून द्यावे, एवढीच या त्रिपुरीनिमित्त प्रार्थना.